पहिल्या गणाचा अखेरचा प्रयोग

तमाम नाशिककरांना, विशेषतः ज्यांनी कधीकाळी विज्ञान शाखेत प्रवेश घेऊन घरच्यांना आशेला लावलं त्या सर्वांना, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की आमच्या ज्युनिअर कॉलेजच्या दुसऱ्या मजल्यावरची रसायनशास्त्राची प्रयोगशाळा आता या जगात नाही. तिच्या पश्चात कधीही धूर न ओढलेलं धूर ओढायचं कपाट, गळके नळ, आम्लानं भोकं पडलेले टेबलांचे फळे आणि मी एवढा परिवार आहे. मृत्यूचं कारण: टाळ्या.

शेवटचा शब्द चुकून पडलेला नाही. ती लॅब टाळ्यांनीच गेली. कशी, ते सांगण्यासाठीच संपादकांनी मला ही पानं दिली आहेत. त्यांना खरं तर ‘रसायनशास्त्रातील गमतीजमती’ हव्या होत्या. गमतीजमती आहेत, पण त्या शोकसभेतल्या आठवणींसारख्या. हसून झालं की माणूस खाली बघतो.

आधी माझा धंदा समजावून सांगतो. मी मुलांना आवर्तसारणी शिकवतो. आवर्तसारणी म्हणजे जगातल्या सगळ्या मूलद्रव्यांची वस्ती. उभ्या ओळींना गण म्हणतात आणि एका गणातली मंडळी स्वभावानं एकसारखी. हा स्वभाव ठरतो अणूच्या सगळ्यात बाहेरच्या पंगतीवरून. पंगतीत आठ पानं भरली की अणू तृप्त. पहिल्या गणातल्या मंडळींच्या बाहेरच्या पंगतीला एकटा इलेक्ट्रॉन बसलेला. तो कुणाला तरी देऊन मोकळं व्हायची त्यांना भयंकर घाई. सतराव्या गणाचं उलटं. तिथे सात पानं भरलीत, एक रिकामं आहे, आणि ते भरायला ही मंडळी रस्त्यावरून कुणालाही ओढून आणतील. अठरावा गण म्हणजे राजवायू. त्यांची पंगत भरलेली. ते कुणाशी बोलत नाहीत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आमची स्टाफरूम याच गणात मोडायची.

आता यातली खरी गंमत. पहिल्या गणात खाली खाली जावं तसे लोक तापट होत जातात. लिथियम नुसता कुरकुरतो, सोडियम धावत सुटतो, पोटॅशियम पेट घेतो. कारण प्रत्येक पायरीला इमारतीचा एक मजला वाढतो. घरमालक तळमजल्यावर, भाडेकरू गच्चीलगत. मालकाचा धाक वरपर्यंत पोचत नाही आणि भाडेकरू पळून जातो. सतराव्या गणात मात्र वरचा फ्लोरीन सगळ्यात दांडगा आणि खाली आयोडीनपर्यंत येता येता जोर ओसरतो, कारण उंच इमारतीच्या मालकाला बाहेरचा माणूस आत ओढून घेणंही जड जातं. हे फळ्यावर सांगितलं की मुलं मान डोलावतात. पाण्यात टाकून दाखवलं की खुर्चीवरून उठतात. मी पोट भरायला फळा वापरला आणि जगायला पाणी.

नव्वदीच्या सुरुवातीला मी नोकरीला लागलो तेव्हा त्या लॅबचा खरा मालक होता नामदेव मामा, आमचा लॅब अटेंडंट. गाव हरसूलच्या अलीकडे, घर पंचवटीत भाड्याचं. सोडियम हवेत नि पाण्यात टिकत नाही, म्हणून तो बाटलीत रॉकेलखाली बुडवून ठेवतात. आणि त्या काळी रॉकेल म्हणजे काय चीज होती ते रेशनच्या रांगेत डबे घेऊन उभं राहिलेल्यांना विचारा.

एका दुपारी वर्गात शिकवताना लॅबमधून असा आवाज आला की फळ्यावरचा खडू खाली पडला. धावत गेलो. सिंकवरच्या खिडकीची काच नाहीशी झालेली. बाटलीचे तुकडे सिंकमध्ये आणि समोर मामा उभा. त्याच्या भुवया नव्हत्या. पायाशी पिशवीत एक सलाईनची बाटली होती, तिच्यात निळसर रॉकेल.

“मामा, काय करत होता?”

“काय नाय सर. बाटली भरत व्हतो.”

“कशानं?”

“पान्यानं.”

मी खालीच बसलो. मामा शांतपणे समजावू लागला, “घरी ष्टो इझलाय सर. म्हनलं थोडं न्यावं. वरून पानी घातलं म्हंजे लेव्हल तेवढीच दिसंल. गवळी न्हाई का करत.”

जगात सोडियमच्या अपघातांची हजार कारणं असतील. पण गवळ्याचा धडा गिरवून रॉकेलच्या जागी पाणी घालणारा माणूस फक्त आमच्याकडे निपजू शकतो. नशीब बलवत्तर म्हणून बाटलीत तळाला दोनचार खडेच उरले होते. भुवयांवर भागलं.

भुवया परत आल्या, पण मामा बदलला. चोरी पकडून जागच्या जागी शिक्षा देणारं मूलद्रव्य त्यानं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं. त्या दिवसापासून नवी बाटली कपाटात सगळ्यात वर गेली आणि किल्ली त्याच्या कडदोऱ्याला. मुलांना सांगायचा, “शिवायचं नाय. जागृत हाय.” दसऱ्याला बाकीचे लोक आपापल्या हत्यारांची पूजा करायचे. मामा ब्युरेटच्या स्टँडला झेंडूची माळ घालायचा आणि सोडियमच्या बाटलीला हळदकुंकू लावायचा. मी दरवर्षी दारातूनच ओरडायचो, “मामा, पाणी शिंपडू नका.” तो दरवर्षी म्हणायचा, “मला सांगताय व्हय.”

त्याच सुमाराला आमच्याकडे भाऊसाहेब आले. दिंडोरीकडचे द्राक्षबागायतदार, थोरला मुलगा आमच्या अकरावीत. एका सकाळी ते जीपमध्ये लोखंडी ड्रम घालून थेट लॅबच्या जिन्याखाली आले आणि मला खाली बोलावून घेतलं.

“सर, तुम्ही केमिस्ट्रीचे ना? हे मोरचूद नकली हाय. लिहून द्या. दुकानदाराला सरळ करतो.”

द्राक्षाच्या बुरशीवर मोरचूद आणि चुना यांचं बोर्डो मिश्रण फवारतात. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार, निळाशार. भाऊसाहेब तेव्हा बागेत नवे होते. जुने लोक मोरचूद मडक्यात किंवा प्लॅस्टिकमध्ये भिजवतात. भाऊसाहेबांनी हौसेनं आणलेल्या कोऱ्या लोखंडी ड्रममध्ये रात्रभर भिजवलं. सकाळी निळा रंग उतरलेला आणि ड्रमच्या आतून लालसर थर चढलेला.

मी मामाला वरून मोरचुदाचं पाणी आणायला सांगितलं आणि भाऊसाहेबांच्या जीपमधला कोयता त्यात बुडवला. थोड्या वेळानं बाहेर काढला तर पातं लाल.

“हे तांबं,” मी म्हणालो. “मोरचूद अस्सल आहे. लोखंड तांब्यापेक्षा जास्त क्रियाशील. ते स्वतः पाण्यात उतरतं आणि तांब्याला बाहेर काढतं. तुमचं औषध तुमच्या ड्रमनं खाल्लं.”

भाऊसाहेबांनी पातं उलटंपालटं करून पाहिलं. “म्हंजे जोरवाला आत घुसतो आन कमजोराला उठवून बाहेर बसवतो?”

“अगदी बरोबर.”

“मंग हे आमच्या भाऊबंदांनी आधीच करून दाखवलंय, सर. उगं ड्रम वाया घालवला.”

तो कोयता त्यांनी तसाच लाल ठेवला. पुढे बागा वाढल्या, द्राक्षं परदेशात जाऊ लागली, आणि दोन हजार सालानंतर कधीतरी भाऊसाहेब आमच्या संस्थेचे अध्यक्ष झाले. सत्काराच्या भाषणात त्यांनी माझा उल्लेख केला. म्हणाले, हा मास्तर हातात कोयता घेऊन शिकवतो. मागच्या रांगेतले पालक जरा सावरून बसले.

तोवर आमच्या लॅबचं तांबं व्हायला सुरुवात झाली होती.

सीईटी आली तेव्हा आम्हाला वाटलं, आणखी एक परीक्षा. पण चार पर्यायांतून एक निवडायचा, त्याचा सराव करून घेणारे क्लासेस कॉलेज रोडला उभे राहिले आणि मुलं तिकडे जाऊ लागली. आधी तासाला बुट्टी, मग दिवसभर. पुढे व्यवस्था अशी झाली की नाव आमच्याकडे, मुलगा तिकडे. आम्ही हजेरी भरायची आणि वर्षाअखेरी जर्नलवर सही करायची. जर्नल म्हणजे केलेल्या प्रयोगांची नोंद. प्रयोग कुणी करत नसे, नोंद सगळे करत. मागच्या वर्षीच्या मुलाची जर्नल पुढचा उतरवायचा, त्याची त्याच्या पुढचा. कुणा आद्य महापुरुषानं पोटॅशियमच्या ज्योतीचा रंग पिवळा लिहिला होता. ती ज्योत फिकट जांभळी असते. मी लाल शाईनं खोडून थकलो. ती पिवळी ज्योत पिढ्यान्‌पिढ्या जळत राहिली, कारण खरी ज्योत कुणी पाहिलीच नव्हती.

मी मात्र तास घेत होतो. कधी समोर पाच मुलं, कधी दोन, कधी मामा. मामासमोर मी सतरावा गण अख्खा शिकवलेला आहे. तो मध्येच विचारायचा, “सर, पोरं कुटं गेली?” मी म्हणायचो, “जास्त क्रियाशील ठिकाणी.” काही वर्षं तर अशी गेली की सोडियमची बाटली फक्त दसऱ्याला खाली यायची. हळदकुंकू लागायचं आणि पुन्हा वर. ज्याच्या अंगात सगळ्यांशी भिडायची खुमखुमी, त्याला कुणी विचारेना. आम्ही दोघं स्टुलांवर बसून त्या बाटलीकडे बघायचो.

मग संस्थेत विषय निघाला की लॅब मोडून तिथे चार पर्यायांच्या सरावपरीक्षांसाठी हॉल करावा. वातानुकूलित. क्लासवाल्यांशी कराराचं बोलणंही चालू होतं. मी भाऊसाहेबांकडे गेलो. ते अडचणीत पडले. म्हणाले, “सर, मला समितीला तोंड दावायचंय. पोरंच येत नाहीत म्हनतात. पोरं येतात एवढं एकदा डोळ्यांनी दाखवा, मंग लॅबला कोन हात लावतंय बघतो. माझा शब्द.”

म्हणजे मुलं आणायची होती. मुलं केदारकडे होती.

केदार माझाच विद्यार्थी. नव्वदीत पहिल्या बाकावर बसायचा आणि पोटॅशियम पेटला तेव्हा याच्याच तोंडून शिट्टी निघाली होती. आता कॉलेज रोडवर त्याचा क्लास, बाहेर चपलांचा डोंगर, आत गारठा. मला बघून तो खुर्चीतून उठला, वाकून नमस्कार केला, चहा मागवला. भिंतीपलीकडून पोरांचा एकसुरी घोष ऐकू येत होता. “हे, लीना कुठे? रुबाबात केस फिरवतेय.” आद्याक्षरांवरून पहिला गण पाठ चालला होता. त्यामागोमाग सतरावा आला, “फार क्लेश, ब्रह्मदेवा, आयुष्यात अटळ.” मला तो गण इतका मनापासून कधीच पटला नव्हता.

“केदार, मुलं एका सकाळी पाठव. सगळी. माझी लॅब जायची वेळ आलीय.”

“सर, माहितीये मला.” त्यानं कप खाली ठेवला. “पण ते हवंय कुणाला? मुलं कशाला अडवता?”

“तू का केमिस्ट्री घेतलीस?”

“तुमच्या पोटॅशियममुळे. मी सगळीकडे सांगतो, सर. पण पोटॅशियम बघून कुणाला मेडिकलला नंबर लागत नाही.”

तो वाईट माणूस नाही हेच फार वाईट होतं. तोच पुढे म्हणाला, “सर, तुम्हीच या ना आमच्याकडे. मुलं वेडी होतील तुमच्यावर. फक्त ते सोडियम वगैरे नको, गादीसारखी जाड कार्पेटं आहेत.” मी हसलो. मग त्यानं डायरी उघडली आणि एका सकाळचा वेळ दिला. “तुमच्यासाठी. पण मुलांना परत वेळेत सोडा, टेस्ट आहे.”

त्या सकाळची तयारी आम्ही लग्नघरासारखी केली. मामानं गणवेशाला इस्त्री केली, टेबलं पुसली, गळक्या नळांना चिंध्या बांधल्या. लिथियम, सोडियम आणि पोटॅशियमच्या ताज्या बाटल्या मी मागवून घेतल्या होत्या. मोठं काचेचं घमेलं पाण्यानं भरलं आणि मुलांपुढे जाड काच उभी केली. मामानं किल्ली कडदोऱ्यावरून सोडली आणि माझ्या हातात ठेवली. “तुम्हीच उघडा आज.”

मुलं आली. सगळी. बाकं पुरेनात, मागची उभी राहिली. पुढच्या खुर्च्यांवर समिती, मधोमध भाऊसाहेब. केदार दाराशी.

मी पडदे ओढले. मुगाच्या डाळीएवढा लिथियम पाण्यात सोडला. तो तरंगत कुरकुरला. “हा घरचा मोठा मुलगा. नाराज आहे, पण बोलत नाही.” हशा. सोडियम सोडला. त्याची चकचकीत गोळी झाली आणि ती पाण्यावर सैरावैरा धावली. मी पाण्यात अल्कली मिळताच गुलाबी होणारा दर्शक घातलेला होता, त्यामुळे तिच्यामागे गुलाबी रेघ उठत गेली. पोरं बाकांवर चढली. मग पोटॅशियम. त्यानं पाण्याला स्पर्श केला न केला तोच जांभळी ज्योत उभी राहिली, फिरली, तडकली आणि विझली. मग दाराशी शिट्टी वाजली. केदार स्वतःच दचकला आणि त्यानं तोंडावर हात धरला.

टाळ्या पडल्या. अशा टाळ्या त्या खोलीनं कधी ऐकल्या नव्हत्या.

पुढच्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. “सर, ज्योत पिवळी लिहायची ना?”

“तू काय पाहिलंस?”

“जांभळी.”

“मग?”

“पण जर्नलमध्ये पिवळी आहे.”

सगळी मुलं माझ्याकडे बघू लागली, अगदी निरागसपणे. मी म्हणालो, डोळ्यांनी पाहिलंस ते लिही. ती घुटमळली आणि तिनं दाराकडे बघितलं. केदार हळू आवाजात म्हणाला, “ऑप्शनमध्ये लायलॅक असतं. फिकट जांभळा.” तिचा चेहरा उजळला आणि तिनं लिहिलं. स्वतःच्या डोळ्यांवर तिचा विश्वास बसला, कारण ते पर्यायांत होतं.

मी तो घाव गिळला आणि पुढे गेलो. सतरावा गण मामाच्या हातून केला. एका परीक्षानळीत ब्रोमाइड, दुसरीत आयोडाइड, दोन्ही पाण्यासारखी स्वच्छ. मामानं क्लोरीनचं पाणी दोन्हींत ओतलं. एक नारिंगी झाली, दुसरी तपकिरी. “जोरवाला आत शिरला,” मी म्हणालो, “आणि कमजोराला बाहेर बसवलं.” भाऊसाहेब खदखदून हसले आणि शेजारच्या सभासदाला कोपरानं ढोसत सांगू लागले, “माझा ड्रम. सांगितलं नव्हतं का तुमाला?”

पुन्हा टाळ्या. मुलं खाली जाताना जिन्यावरही तेच बोलत होती, घड्याळाकडे बघत का होईना. समितीतल्या एका बाईंनी रुमालानं डोळे पुसले. मामा माझ्यामागे येऊन कुजबुजला, “सर, वाचलो.” मलाही तसंच वाटलं. इतकी वर्षं रिकाम्या बाकांसमोर केलेल्या त्या सगळ्या नाटकाचं आज चीज झालं होतं. सगळे येऊन गेले होते, सगळ्यांनी पाहिलं होतं, आता कोण हात लावणार.

भाऊसाहेब उठले. घमेल्याजवळ आले, त्या गुलाबी पाण्याकडे थोडा वेळ बघत राहिले. त्यांचे डोळे खरोखर भरले होते. माझा हात दोन्ही हातांत धरून, अगदी मनापासून, सगळ्या समितीला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, “लय भारी, सर. याची सीडीच काढून ठेवू की आपण. मंग एवढी जागा कशाला आडवून ठेवायची?”